ख्रिस्ताची साधुता व आमचे शहाणपण

ख्रिस्त हा एक मोठा नीतिमान पुरुष होऊन गेला, हे वाक्य आमच्या सुशिक्षित घरांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्यास काही विचार लागतो असे कोणास वाटेनासे झाले आहे. डोंगरावरील प्रवचनाची वाहवा करावी, दिवाणखान्यातील थोर पुरुषांच्या तसबिरींत त्यास एक चौकट द्यावी, आणि विषय मिटवून टाकावा, असा हा शिष्टाचार आहे. त्यात औदार्य दिसते खरे. परंतु आमच्या मते ती निव्वळ टाळाटाळ आहे. ख्रिस्ताचे चांगुलपण मान्य करावयाचे आणि ते ज्या ईश्वरतृष्णेतून उगवले तिजकडे मात्र पाठ फिरवावयाची, ही तडजोड बुद्धीस शोभत नाही व हृदयासही शोभत नाही.

शत्रूवर प्रीती करावी, हा त्याचा उपदेश घ्या. त्याचे कारण तो समाजस्वास्थ्यात शोधीत नाही. सूर्य दुर्जनाच्या अंगणातही उगवतो आणि पाऊस अन्याय्याच्या शेतावरही पडतो, तेव्हा पित्याचे वळण लेकरांत उतरावे, इतकेच त्याचे म्हणणे. हा पिताच वगळला, तर त्या उपदेशात एका कठीण व बहुधा अव्यवहार्य शिष्टाचारापलीकडे काय उरते? मूळ उपटून फुलाची तारीफ करणाऱ्यास बागेची आवड आहे असे आम्ही म्हणणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो परकीपणाचा. परंतु या साधुतेचे गुणगान मराठीत होऊ लागल्यास चार शतके लोटली. फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला; पण तुकोबांनी बांधलेल्या पुलावरूनच आपण ख्रिस्तचरणी आलो, अशीच त्यांची भावना होती. त्यांनी ख्रिस्तास माउली म्हटले. हा शब्द त्यांनी विलायतेहून आणला नव्हता. तो पंढरीच्या वाटेवर त्यांस मिळाला होता. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या बाईचे 'स्मृतिचित्रे' आम्ही घरोघर कौतुकाने वाचतो, तिच्या ईश्वरभक्तीची पाने तेवढी उलटून पुढे जावे, हा कोठला न्याय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ख्रिस्ताच्या नावाने या भूमीत जुलूम झाला, आणि गरजूंच्या गरजेचा सौदा झाला, असे म्हणतात. जेथे तसे झाले तेथे आम्ही त्याची रदबदली करणार नाही. ज्या गोव्यात 'ख्रिस्तपुराण' रचले गेले, तेथेच १५६० पासून इन्क्विझिशनचा जाच सुरू झाला होता. पण त्या न्यायासनास दोषी ठरविण्यास आपणांस बाहेरचा कायदा लागत नाही. ख्रिस्ताचेच वचन पुरेसे आहे. मिशनचा साहेबी थाट टिळकांसही सोसवला नाही. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही त्यात जागा ठेवली. चर्चवर रागावून ख्रिस्तास हद्दपार करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी घ्यावे. आणि ख्रिस्त म्हणजे आपल्या संस्थेची खाजगी मिळकत, असे मानणाऱ्या धर्माधिकाऱ्यांनी तर ते अधिकच.

आता यवतमाळाकडे पाहू. १९५३ पासून १९८३ साली पुण्यास जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मशिक्षणाचे विद्यालय या गावी होते. मधल्या काळात, १९७३ साली, ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलनही येथेच भरले. जानेवारी २०१९ मध्ये संमेलन पुन्हा येथे आले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांस दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले, आणि तो मान आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या विधवेस मिळाला. पुढच्याच वर्षी उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. ज्यांनी अवघे बायबल सुबोध मराठीत आणले, त्यांच्या निवडीवर ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून आक्षेप घेतले गेले! ख्रिस्ताची स्तुती ज्यांस चालते त्यांतील कित्येकांना त्याचा भक्त व्यासपीठावर चालत नाही, याचा अर्थ ती स्तुती किती पोकळ होती, हाच नव्हे काय?

आणि ती विधवा? कापसाच्या कर्जाने ज्या घराचा कर्ता नाहीसा झाला, तेथे थोर पुरुषांच्या तसबिरी निरुपयोगी आहेत. देवाच्या नावाने कर्ज फिटत नाही, हेही आम्ही जाणतो. ते फेडण्याची जबाबदारी समाजाची व सरकारची आहे, आणि कोणत्याही धर्माने तीवर पांघरूण घालू नये. परंतु कर्ज फिटल्यावरही एक प्रश्न त्या घरात शिल्लक राहतो: माझे दुःख कोणी पाहिले काय? मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणारी विधवा ख्रिस्ताने पाहिली, आणि धनिकांच्या देणग्यांहून तिचे दान मोठे ठरविले. ईश्वर असाच पाहतो, ही त्याची ग्वाही होती. ती खरी की खोटी, हा प्रश्न तसबिरीने सुटत नाही.

बुद्धिवादी मित्र म्हणतील, ओढ हा ईश्वराचा पुरावा नव्हे. कबूल. तहान हा पाण्याचा पुरावा नव्हेच. पण विहीर खणण्याचे कारण तीच असते, आणि पाणी लागते की नाही ते खणणाऱ्यासच कळते. ज्यास ख्रिस्ताचा पिता नाकारावयाचा असेल त्याने तो उघडपणे, कारणे देऊन नाकारावा. त्या नकाराचा आम्ही आदर करू. वाचकांस आमची विनंती एवढीच, की स्तुती करून सुटका करून घेण्याची ही सवय सोडावी, तुकोबांच्या गाथेशेजारी टिळकांची 'अभंगांजली' ठेवावी, दोन्ही सावकाश वाचावीत, आणि मग ही आर्तता परकी आहे असे ज्यास म्हणवेल त्याने ते खुशाल म्हणावे.