चौकटीआधी चोपडी

गोदावरी, प्रवरा, भीमा या नद्यांच्या काठी ज्यांची शेतीवाडी आहे, अशा काही घरांत एखाद्या जुन्या डब्यात निराळेच दगड जपून ठेवलेले असतात. अकीक, गारगोटी, जास्पर यांच्या या मधाळ, हिरवट, तांबूस कपच्या नांगरटीनंतर कुणीतरी कौतुकाने उचललेल्या असतात. कडेने ओळीने बारीक छिलके उडवलेले दिसले, तर ते अश्मयुगीन माणसाचे हत्यार असण्याचा संभव असतो. असे दगड काचेच्या चौकटीत मांडून दिवाणखान्यात लावावेत, ही इच्छा स्वाभाविक आहे. मात्र चौकटीआधी चोपडी करावी, एवढेच आजचे सांगणे.

भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना 1863 मध्ये मद्रासजवळच्या पल्लावरम येथे दगडी हत्यार सापडले आणि भारतातील अश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला. पुढे त्यांचा संग्रह 1904 मध्ये मद्रासच्या सरकारी संग्रहालयाने विकत घेतला. आजही अभ्यासक त्या संग्रहाकडे वळतात, कारण कोणता दगड कोठे मिळाला याची यादी त्यासोबत आहे. आपल्याकडे नेवासे येथे 1954 पासून डॉ. ह. धी. सांकलिया यांनी केलेल्या कामातही हत्यार कोणत्या थरात होते, यावरूनच आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते हे ठरले. कीर्दीत नोंद नसलेली रक्कम पेटीत असली, तरी ती कुणाची हे सांगता येत नाही. ठिकाण हरवलेल्या हत्याराचेही तसेच होते.

म्हणून प्रत्येक दगडाला क्रमांक द्यावा. वहीत गाव, शिवार, गट क्रमांक, सापडल्याची तारीख आणि उचलणाऱ्याचे नाव लिहावे. शेजारी दगडाची कड पेन्सिलीने रेखावी. वडीलधाऱ्यांना आठवते आहे तोवरच हे विचारून घ्यावे. जे आठवत नाही, तेथे जागा कोरी ठेवावी. अंदाज लिहू नये.

दगड साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुऊन सावलीत वाळवावा. तारेचा ब्रश, आम्ल, तेल, वार्निश यांपैकी काहीही लावू नये. धारेवरच्या वापराच्या सूक्ष्म खुणा त्याने पुसल्या किंवा झाकल्या जातात. गोंदाने चिकटवणे तर पूर्णपणे टाळावे. खोल चौकट करून घ्यावी, आतल्या जाड फोममध्ये दगडाच्या आकाराची खाच कापावी आणि गरज पडल्यास बारीक तंगुसाने बांधावे, म्हणजे केव्हाही दगड बाहेर काढून पाहता येईल. वजनदार हातकुऱ्हाडी भिंतीवर न टांगता फडताळात ठेवाव्यात. रंग जुळवून फुलाची नक्षी करण्याचा मोह आवरावा. एका ठिकाणचे दगड एकत्र मांडावेत. चौकटीच्या मागे लिफाफ्यात वहीची प्रत ठेवावी.

कायद्याचेही भान हवे. संरक्षित स्थळावरून काहीही उचलू नये आणि कोठेही स्वतः खणू नये. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा परवान्याविना व्यापार करता येत नाही, तसेच खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाला अशी चौकट भेट म्हणून पाठवण्याचा बेत असेल, तर तो सोडावा. शेतात बरीच हत्यारे एकाच जागी दिसली, तर ती गोळा न करता जागेवरच छायाचित्र घ्यावे आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवावे.

घरातली जाणती पिढी गेल्यावर नोंद नसलेले दगड बागेतल्या कुंडीत जाऊन पडतात. येत्या दिवाळीत वह्या घ्याल, तेव्हा एक जास्तीची वही या दगडांसाठी घ्यावी.