निवड कोणाची : पालकाची की शाळेची?

सरकारने शाळा चालवीत बसण्यापेक्षा पालकाच्या हाती फीची चिठ्ठी द्यावी, त्याला शाळा निवडू द्यावी, हा विचार अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 साली मांडला. आपल्याकडील सुधारणावाद्यांना आजही तो रामबाण वाटतो.

त्याच्या नेमकी उलट दिशा एका मराठी शिक्षणतज्ज्ञाने दाखविली होती. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंगात गेले, 1948 साली त्यांनी भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ग्रामीण शिक्षणाचे प्रयोग केले आणि पुढे ते कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. आयोगाच्या 1966 च्या अहवालाने परिसर शाळेचा आग्रह धरला : वस्तीतील मूल, मग ते कोणाचेही असो, वस्तीतल्याच शाळेत बसेल. 1968 च्या राष्ट्रीय धोरणाने समान शाळेचे तत्त्व मान्य केले आणि राज्यकर्त्यांनी ते कागदावरच ठेवले.

या तत्त्वाला नवी मुंबईइतकी अनुकूल भूमी क्वचितच लाभली असती. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने 95 गावांच्या जमिनींवर शहर आखले, शाळांसाठी भूखंड राखले, ते शिक्षणसंस्थांना सवलतीने दिले. सारे काही आखले. बाकावर कोण बसणार, एवढे मात्र बाजारावर सोडले. ज्या आगरी-कोळी शेतकऱ्याच्या भातखाचरावर शाळा उभी राहिली, त्याच्या नातवाला तिच्या फाटकाशी आधी फी विचारली जाते. येथे पालक शाळा निवडत नाही, शाळाच पालक निवडते.

पालिकेच्या शाळा निकृष्ट म्हणून लोक खासगीकडे वळतात, असा युक्तिवाद होतो. परंतु ज्यांचा आवाज सत्तेपर्यंत पोहोचतो, त्यांचीच मुले तेथून निघून गेली, तर त्या शाळांसाठी भांडणार कोण?

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बलांसाठी 25 टक्के जागा राखल्या. हे परिसर शाळेचे केवळ एक चतकोर. राज्य सरकारला तेही सोसवले नाही. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास विनाअनुदानित शाळेला त्यातून सूट, अशी अधिसूचना फेब्रुवारी 2024 मध्ये निघाली. 19 जुलै 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. निवडीचा जयघोष चालू असताना गरिबाच्या वाट्याची निवड अशी हिरावली जात होती!

न्यायालयाने चतकोर वाचविला. उरलेल्या भाकरीसाठी न्यायालय लढणार नाही. प्रवेशाच्या दिवसांत वस्तीवस्तीत अर्ज भरून देणे हे कार्यकर्त्यांचे तातडीचे काम आहे, आणि पालिकेची शाळा सर्वांची शाळा व्हावी म्हणून झगडणे हे खरे काम.