गोळी सांध्यांची, तपासणी डोळ्यांची

शहापूर तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. ती लिहिते, "आपा, सासूबाईंना संधिवात आहे. बारा वर्षांपासून त्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची ४०० मिलिग्रॅमची गोळी रोज घेतात. बोटांची सूज उतरली, पीठ मळता येऊ लागले. पण वर्षभरापासून कुरआन वाचताना मधलीच अक्षरे गायब होतात म्हणतात. मोतीबिंदू समजून शिबिरात दाखवले, चष्मा बदलला, फरक नाही. आता कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितले की गोळीमुळे डोळ्याचा पडदा खराब झाला आहे. याला इलाज काय? मुरबाडला दिलेल्या नणंदेलाही यंदा हीच गोळी सुरू झाली आहे."

बहिणी, कटू उत्तर आधी देते. या औषधाने गेलेली नजर परत आणणारा थेंब, गोळी किंवा ऑपरेशन आज नाही. पण उरलेली नजर वाचवता येते. सांध्यांचे आणि डोळ्यांचे, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवा. ते ही गोळी थांबवून संधिवातासाठी दुसरे औषध देऊ शकतात. हे औषध शरीरातून निघून जायला काही महिने लागतात. बंद केल्यावरही काही जणांची नजर आणखी थोडी कमी होते, म्हणून तपासणी चालू ठेवा. वाचनासाठी भिंग, मोठ्या अक्षरांची प्रत आणि चांगला उजेड यांची मदत होईल.

आता इतर वाचकांसाठी. ही गोळी संधिवात आणि ल्युपस या आजारांत अनेक वर्षे दिली जाते. आपल्या देशात ती मधुमेहासाठीही देतात. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात तिचे नाव घरोघरी पोहोचले. हिवतापात मिळणारी क्लोरोक्विनची कडू गोळी तिचीच बहीण. हिवतापाच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी पडदा बिघडत नाही, त्याची भीती नको. धोका असतो तो वर्षानुवर्षे घेण्यात आणि वजनाच्या मानाने जास्त घेण्यात.

हिशेब सोपा आहे. एक किलो वजनाला दिवसाला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. ४४ किलोच्या बाईसाठी ही मर्यादा २२० मिलिग्रॅम होते. तिने रोज ४०० ची गोळी घेतली तर ती जवळजवळ दुप्पट झाली. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचे वजन एवढेच असते. त्यात जुनाच कागद मेडिकलवाल्याला दाखवून गोळ्या आणत राहिलो, तर वजन आणि डोस यांचा मेळ कोणी पाहतच नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध शरीरात साठते आणि धोका वाढतो. स्तनांच्या कर्करोगावरची टॅमॉक्सिफेन सोबत चालू असेल तरीही वाढतो.

डोस मर्यादेत असेल तर पहिल्या ५ वर्षांत शंभरात एकीलाही त्रास होत नाही, १० वर्षांपर्यंत दोघींपेक्षा कमी जणींना होतो. २० वर्षांनंतर मात्र हे प्रमाण शंभरात वीसच्या आसपास जाते. म्हणून गोळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात एकदा पडदा तपासावा आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी. डोस जास्त असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर वार्षिक तपासणी आधीच सुरू करावी.

भिंतीवरचा तक्ता वाचता आला म्हणजे पडदा ठीक आहे, असे समजू नका. सुरुवातीला तक्ता नीट वाचता येतो, त्रासही जाणवत नाही. बिघाड लवकर सापडतो तो ओसीटी आणि फील्ड टेस्ट या दोन तपासण्यांत. त्या वेदनारहित आहेत. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना विचारा आणि पुढे पाठवायचे असेल तर चिठ्ठी घ्या. आसनगावहून लोकल आहे, मुरबाडहून कल्याणची एसटी आहे. मुंबईला जे. जे. रुग्णालय आहे. एक दिवस मोडतो खरा, पण वर्षातून एकच.

एक कळकळीची विनंती. हे वाचून कोणीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ल्युपसमध्ये ती मूत्रपिंड आणि जीवही सांभाळते, गरोदरपणातही डॉक्टर ती चालू ठेवतात. गोळी वाईट नाही. तपासणीविना घेतलेली गोळी वाईट.

बहिणी, सासूबाईंना वेळेवर कोणी हे सांगितले नाही. नणंदेला तू सांग. आजच फोन कर आणि तिच्याकडून फाइलच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहून घे: गोळी कधी सुरू झाली, वजन किती, डोस किती, पडदा कधी तपासला. चौथी जागा रिकामी असेल, तर पुढच्या आठवड्यात तिला घेऊन जा.