पॉवर विडर घरी आणताना



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बैलजोडी ठेवणे आता लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर चालले आहे. दोन-तीन एकराच्या वावरासाठी वर्षभर जोडी पोसायची, चारा विकत आणायचा, हे जमत नाही. भाड्याची जोडी डवरणीच्या दिवसांत सगळ्यांनाच एकदम हवी असते. पाऊस उघडतो, वाफसा येतो आणि जोडी मिळेपर्यंत तणाने तास भरून जातात. म्हणून मागून चालत चालवायचा छोटा पॉवर विडर किंवा पॉवर टिलर घ्यायचा विचार आपल्या अनेक घरांत चालला आहे. काही बचत गटांनी घेतलाही आहे.

यंत्र घ्यावे की नाही, यावर आज वाद घालायचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. केवळ एकरांच्या आकड्यावरून शेत परवडणारे की न परवडणारे हे ठरत नाही, त्यावर राबणारे भांडवल, अवजारे आणि माणसे यांचे प्रमाण पाहावे लागते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. शेतीवर जादा झालेल्या माणसांना उद्योगधंद्यात काम मिळाले पाहिजे, हेही त्यांनी तिथेच मांडले. तेव्हा अवजाराचा प्रश्न आपल्याला परका नाही. आजचा विषय एवढाच की खोक्यातून निघालेले यंत्र नीट जोडावे कसे आणि कुणाचा पाय न जाता चालवावे कसे.

हे सांगण्याची गरज आपल्या जिल्ह्याला जास्त आहे. २०१७ च्या खरिपात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध गावात पोचले, पंप पोचला, पण हातमोजे, तोंडाचा मास्क आणि चार शब्दांची माहिती पोचली नाही. पाठीवर पंप घेणारे बरेच जण दुसऱ्याच्या वावरात रोजाने गेलेले होते. यंत्राच्या बाबतीत पुन्हा तसे होऊ नये.

खोके उघडल्यावर

मातीत फिरणारी पाती ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या शेतकऱ्याच्या मुलाने १९१२ साली वडिलांच्या शेतावर तिचे प्रयोग सुरू केले. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखे वाकवलेले पाते त्याला सगळ्यात चांगले जमले. तेच पाते आज आपल्या विडरला असते. भारतात जपानी बनावटीचे पॉवर टिलर १९६० नंतर आले आणि भाताच्या मुलखात आधी रुजले. आपल्या काळ्या मातीत आणि कपाशीच्या तासांत छोटा विडर अलीकडे दिसू लागला.

यंत्र बहुधा अर्धवट जोडलेले येते. इंजिन व गिअरपेटी एकत्र असते. हँडल, क्लच व अॅक्सिलरेटरच्या केबल, पाती, पात्यांवरचे पत्र्याचे झाकण, मागचा खोलीचा दांडा आणि वाहतुकीची चाके सुटी असतात. दुकानदाराकडूनच जोडून आणि चालवून दाखवून घ्या. पुस्तिकेतील यादीप्रमाणे एकेक वस्तू मोजून घ्या. बिलावर इंजिनाचा क्रमांक लिहिलेला असावा आणि वॉरंटी कार्डावर तारीख व शिक्का असावा. घरी जोडायची वेळ आलीच तर क्रम असा ठेवा.

पहिले, सपाट जागेवर यंत्र टेकू देऊन उभे करा आणि प्लगची टोपी काढून ठेवा. टोपी काढलेली असली की इंजिन चुकूनही सुरू होत नाही.

दुसरे, हँडल बसवा. ते चालवणाऱ्याच्या कमरेच्या उंचीला आले पाहिजे. वॉशर घालून नटबोल्ट घट्ट आवळा. पहिला तासभर काम झाल्यावर ते पुन्हा आवळायचे असतात, कारण कंपनाने ते सैल होतात.

तिसरे, केबल जोडा. क्लचची मूठ दाबली की पाती फिरावी आणि सोडली की थांबावी, अशी बहुतेक विडरची रचना असते. हात सुटला, पाय घसरला तरी पाती थांबावी हाच तिचा हेतू आहे. केबल फार ताणली तर मूठ सोडूनही पाती फिरत राहतात. म्हणून मुठीला थोडी ढील हवी.

चौथे, पाती बसवा. डावा संच आणि उजवा संच वेगळा असतो. पाते फिरत खाली येताना त्याची धार आधी मातीला लागली पाहिजे. वर असलेल्या पात्याची धार पुढच्या बाजूला, म्हणजे चालवणाऱ्यापासून दूर दिसली की संच बरोबर बसला. उलटे बसवले तर यंत्र माती कापत नाही, नुसते उड्या मारते. पिनेच्या जागी खिळा किंवा तार घालू नका.

पाचवे, पत्र्याचे झाकण बसवा. पाती साफ करायला बरे पडते म्हणून काही जण झाकण काढून ठेवतात. चालवणाऱ्याचा पाय आणि पाते यांच्यामध्ये तेवढा पत्राच असतो. झाकणाशिवाय यंत्र सुरू करू नका.

सहावे आणि फार महत्त्वाचे, तेल तपासा. नवे इंजिन पुष्कळदा ऑइल न भरता पाठवलेले असते. तसेच सुरू केले तर थोड्याच वेळात ते जाम होते. इंजिनाचे ऑइल, गिअरपेटीचे ऑइल आणि एअर फिल्टर ऑइलचा असेल तर त्यातले ऑइल, हे तीनही पुस्तिकेत सांगितलेल्या खुणेपर्यंत भरा. इंजिन फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे नाही. टू-स्ट्रोक असेल तर सांगितलेल्या प्रमाणात मिसळायचे. घरात दोन्ही प्रकारची यंत्रे असतील तर डब्यांवर ठळक अक्षरात लिहून ठेवा.

सगळे झाल्यावर टोपी लावा आणि मोकळ्या जागी इंजिन सुरू करा. बंद कोठ्यात किंवा गोदामात सुरू करू नका, त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. मूठ न दाबता पाती फिरता कामा नयेत. मूठ दाबून सोडल्यावर ती थांबली पाहिजेत. ही परीक्षा रोज सकाळी, वावरात उतरण्याआधी करायची.

वावरात

काळी माती ओली असताना पात्यांना चिकटते, यंत्र ओढत नाही आणि खालचा थर दाबला जातो. अगदी वाळली की ढेकळांवर यंत्र उसळते. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटला तर वाफसा आला. नुसता चपटा झाला तर थांबा.

मागचा खोलीचा दांडा खाली घेतला की पाती खोल जातात आणि यंत्र सावकाश चालते. वर घेतला की यंत्र पळू लागते. नवशिक्याच्या हातून यंत्र सुटते ते बहुधा याच कारणाने. कपाशीत तण काढायला दोन इंच खोली पुरे. त्याहून खोल गेल्यास पऱ्हाटीची बारीक मुळे तुटतात. दोन्ही बाजूंना झाडापासून चार-सहा बोटे जागा सुटेल एवढीच पाती ठेवा, गरज पडल्यास बाहेरचा एकेक संच काढा.

तासात उतरण्याआधी एकदा पायी फिरून या. ठिबकची नळी, मोटारीची केबल, तार, सुतळी, मोठे दगड बाजूला करा. विहिरीचा काठ आणि नाल्याची कड यापासून दूरच वळा. उताराच्या वावरात आडवे चाला.

अंगावर लोंबणारे काही नको. शेला, दुपट्टा, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचा. चपलेवर किंवा अनवाणी यंत्र धरू नका, जाड बूट घाला. तास चालू असताना लेकरे जवळ नकोत, निदान तीस फूट लांब. दुपारचा डबा घेऊन आलेल्या माणसाने धुऱ्यावरून हाक मारावी, यंत्राजवळ येऊ नये. तासाभराने दहा मिनिटे विसावा घ्या. कंपनाने हात बधिर होतात आणि बधिर हातांनी मूठ वेळेवर सुटत नाही.

सगळ्यात धोक्याची वेळ मागे घेण्याची. यंत्र मागे येते आणि आपण त्याच्या वाटेत उलटे चालत असतो. मागे झाड, धुरा किंवा खड्डा असला तर पाय अडकून आपण पडतो आणि यंत्र अंगावर येते. शक्य तिथे वळसा घालून पुढेच न्या. मागे घ्यावेच लागले तर आधी मागे पाहा आणि रेस अगदी कमी ठेवा.

दुसरी धोक्याची वेळ पात्यांत गवत किंवा दोरी गुंतल्यावरची. इंजिन बंद करा, पाती थांबू द्या, प्लगची टोपी काढा आणि मग काठीने किंवा विळ्याने गुंता काढा. चालू यंत्रात पाय मारून गवत सोडवणारे लोक प्रत्येक गावात आहेत. त्यांचे बघून शिकू नका.

हात दुखतो म्हणून क्लचची मूठ सुतळीने बांधून ठेवायची खोडही सोडा. ती बांधली की यंत्र थांबवणारे कुणी उरत नाही.

पेट्रोल भरताना इंजिन थंड होऊ द्या, बिडी लांब ठेवा. पहिल्या वीस तासांनंतर इंजिनाचे ऑइल बदलावे आणि पुढे सुमारे शंभर तासांनी, असे बहुतेक पुस्तिका सांगतात. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर वरचेवर साफ करा.

अपघात झालाच तर

इंजिन बंद करा. अडकलेला पाय सोडवण्यासाठी पाती उलटी फिरवू नका. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा. हळद, तंबाखू, माती लावू नका. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा, बोट थेट बर्फात टाकू नका. १०८ ला फोन करा. धनुर्वाताची सुई चुकवू नका.

आता पैशाची बाजू. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाख आणि एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेल्यास एक लाख रुपये मिळतात. पण ही योजना सातबाऱ्यावरील खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. दुसऱ्याच्या वावरात रोजाने यंत्र धरणारा भूमिहीन मजूर तिच्यात बसत नाही आणि आपल्या वस्तीतील बरेच जण नेमके तेच आहेत. त्यांनी बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा फॉर्म भरावा. वर्षाला वीस रुपये खात्यातून कापले जातात, वय १८ ते ७० चालते, मृत्यू झाल्यास दोन लाख आणि एक हात किंवा पाय गेल्यास एक लाख मिळतात. खात्यात त्या वेळी वीस रुपये शिल्लक नसतील तर विमा बंद पडतो, हे ध्यानात ठेवा. ज्याचे यंत्र आहे त्याने चालवणाऱ्याचा हा हप्ता भरावा, अशी रीत गावागावांत पडली पाहिजे. वीस रुपयांसाठी कुणाचे दिवाळे निघत नाही.

हिशेब आणि अनुदान

वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला हिशेबाशिवाय चैन पडत नाही, म्हणून एक उदाहरण मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा यंत्र साठ हजारांचे, आयुष्य सहा वर्षे. म्हणजे वर्षाचा घसारा दहा हजार. वर्षात दोनशे तास चालले तर तासाला घसारा ५० रुपये. पेट्रोल १०५, ऑइल-पाती-दुरुस्ती २५, चालवणाऱ्याची मजुरी ८०. एकूण तासाला २६० रुपये. तेच यंत्र एका घरात वर्षाला पन्नासच तास चालले तर घसारा तासाला २०० होतो आणि खर्च ४१० वर जातो. म्हणून दोन एकरवाल्याने एकट्याने कर्ज काढण्यापेक्षा चार-सहा घरांनी किंवा बचत गटाने मिळून घेणे बरे. वहीत तारीख, तास, पेट्रोल आणि दुरुस्ती रोज लिहावी. त्यावरूनच भाडे ठरवावे.

केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अनुसूचित जातीच्या, महिला आणि अल्प-अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांना ठरलेल्या मर्यादेत ५० टक्के अनुदान आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. पूर्वसंमती हातात पडण्याआधी यंत्र विकत घेतले तर अनुदान मिळत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची मिनी ट्रॅक्टरची वेगळी योजना आहे. २०१२ च्या शासन निर्णयात साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान आणि गटाचा वाटा दहा टक्के, असे ठरले होते. गटातील ८० टक्के सभासद, तसेच अध्यक्ष व सचिव या घटकांतील असावे लागतात. अर्ज करताना त्या वर्षीचे नियम समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

शेवटी एक गोष्ट घरातील पुरुषमंडळींसाठी. तासातले तण यंत्र काढते, झाडाच्या बुडाशी असलेले तण हातानेच निंदावे लागते. यंत्र आले की निंदणाचे रोज कमी होतात आणि ते आपल्याच मायबहिणींचे कमी होतात. यंत्राची मजुरी मात्र पुरुषाच्या खिशात जाते. म्हणून गटाचे यंत्र चालवायला दोन बायकांनाही शिकवा. हलका विडर, घट्ट खोचलेला पदर, पायांत बूट आणि आठ दिवसांचा सराव एवढे पुरते. शिकताना पहिले चार दिवस मोकळ्या वावरात चालवू द्या, उभ्या पिकात त्यानंतर.