‘जुगाड’ नव्हे, निदान: जुन्या गाडीचा बेल्ट, क्लच आणि इतिहासाने वगळलेले हात

१/
यवतमाळ जिल्ह्यातील कळंब चिंतामणी गणेशामुळे सर्वदूर ठाऊक आहे. (मराठवाड्यातील कळंब निराळे.) या गावाच्या दळणवळणाचा इतिहास लिहायला घेतला, तर पहिली ठळक तारीख फेब्रुवारी २०२४ ही सापडते. वर्धा–कळंब रेल्वेमार्ग तेव्हा सुरू झाला. मग त्याआधीची कित्येक दशके हा तालुका चालला कशावर? त्या प्रश्नाचे उत्तर झाकून टाकणाऱ्या एका लाडक्या शब्दावर या धाग्याचा आक्षेप आहे. तो शब्द म्हणजे ‘जुगाड’.

२/
इंग्रजी अमदानीत कापसासाठी धावू लागलेली अरुंद मार्गावरची ‘शकुंतला’ यवतमाळहून मूर्तिजापूरकडे, म्हणजे कळंबच्या उलट दिशेला जाई. कळंबच्या वाट्याला रस्ता आला: बैलगाडी, एस.टी. आणि पुढे दुचाकी. दुचाकींच्या तारखा सगळ्यांना पाठ असतात. मद्रासची बुलेट १९५५, लूना आणि चेतक १९७२, म्हैसूरची येझदी १९७३, कायनेटिक होंडा १९८४. या साऱ्या तारखा कारखान्यांच्या आहेत. त्या गाड्या वीस-वीस वर्षे चालत्या ठेवणाऱ्या गॅरेजांची एकही तारीख कोणत्याही पुस्तकात नाही.

३/
ही पोकळी ‘जुगाड’ या शब्दाने भरली जाते. २०१२ साली नवी राजू, जयदीप प्रभू आणि सिमोन आहुजा यांच्या ‘जुगाड इनोव्हेशन’ने हा शब्द व्यवस्थापनशास्त्राच्या जगात नेला. हेतू कौतुकाचाच होता. परंतु या कौतुकात एक गृहीत दडलेले आहे: कारखान्यातला अभियंता विचार करतो आणि गॅरेजमधला मिस्त्री काहीतरी जमवून नेतो. एकाकडे ज्ञान, दुसऱ्याकडे हिकमत. हे गृहीत खरे की खोटे, हे एका जुन्या गाडीचे कव्हर उघडून तपासता येते.

४/
उदाहरण कायनेटिक होंडाचे घेऊ. फिरोदियांची पुण्याची कंपनी आणि जपानची होंडा यांनी मिळून काढलेली ही बिनगिअरची गाडी. तिच्यात इंजिनाची शक्ती पुढच्या पुलीवरून रबरी व्ही-बेल्टने मागच्या पुलीकडे जाते. पुढच्या पुलीतील रोलर वेगाबरोबर बाहेर सरकतात, पुलीची फट आवळली जाते आणि बेल्ट वर चढतो. म्हणजे गिअर आपोआप बदलतो. मागच्या पुलीला सेंट्रिफ्यूगल क्लच असतो. वेग वाढला की त्याचे शू फाकून ड्रमला धरतात, आणि मग चाक फिरते.

५/
आता तक्रार अशी: ‘इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही.’ संशयित तीन: झिजलेला बेल्ट, संपलेले क्लच-शू, किंवा आत शिरलेले तेल. जाणता मिस्त्री लगेच पाना उचलत नाही. तो विचारतो, ‘जागेवरून उचलताना त्रास होतो, की वरचा वेग मिळत नाही?’ उचल सुस्त पण पुढे पळते ठीक, तर संशय क्लचवर. उचल बरी पण वरचा वेग घटला, तर संशय बेल्टवर. झिजून अरुंद झालेला बेल्ट पुढच्या पुलीच्या कडेपर्यंत चढूच शकत नाही. वेग वाढताना गचके बसत असतील, तर रोलर एका बाजूने चपटे झाले असावेत.

६/
कव्हर उघडल्यावर खुणा वाचायच्या. आत काळी रबरी भुकटी असेल, तर बेल्ट झिजतो आहे. बेल्टच्या बाजू काचेसारख्या चकाकत असतील, तर तो घसरला आहे. क्लचचा ड्रम निळसर पडला असेल, तर उष्णता तिथे निर्माण झाली, म्हणजे घसरण बेल्टची नसून शूची आहे. आणि मंद गतीवरही गाडी आपोआप पुढे सरकत असेल, तर क्लचच्या स्प्रिंगा बदलण्याआधी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून आयडलिंग कमी करून पाहायचे. फुकटची तपासणी आधी, खर्चाची नंतर.

७/
सर्वांत सुंदर भाग तेलाचा. बेल्टवर तेल दिसले, तर ते आले कुठून? मिस्त्री ते बोटावर घेतो, चोळतो, वास घेतो. पातळ आणि पेट्रोलचा वास असेल, तर इंजिनाच्या बाजूचे क्रँक सील गेले. टू-स्ट्रोक इंजिनात तिथून हवाही शिरते, म्हणून अशी गाडी आयडलिंगलाही नीट उभी राहत नाही. दोन्ही खुणा जुळल्या की निदान पक्के. तेल दाट असेल, तर मागच्या गिअरपेटीचे सील गेले. सील न बदलता नुसता बेल्ट टाकला, तर नवा बेल्टही लवकरच तेलात भिजतो.

८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटायला हवी. साक्षीदाराला नेमका प्रश्न विचारणे, साधनाचा उगम शोधणे, एका पुराव्याला दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याची जोड मिळेपर्यंत निष्कर्ष न काढणे. बखर आणि दफ्तर यांच्या बाबतीत याला साधनचिकित्सा म्हणतात. बेल्ट आणि क्लचच्या बाबतीत तिचेच नाव ‘जुगाड’ कसे होते? फरक पद्धतीत नाही. फरक ती वापरणाऱ्या माणसाच्या कपड्यांवरील डागांत आहे.

९/
दुसरे उदाहरण बुलेटचे. जुन्या बुलेटमध्ये इंजिन आणि क्लच यांच्यामध्ये तेलात फिरणारी दुहेरी चेन असते. काही हौशी लोक तिथे दातेरी बेल्ट बसवतात. वरवर सोपे, पण अडचण अशी की बुलेटची गिअरपेटी इंजिनाला घट्ट जोडलेली असते. ती मागे-पुढे सरकवून ताण साधता येत नाही. चेनसाठी खाली ताण देणारी पट्टी असते. बेल्टसाठी मात्र पुलींचे माप आणि बेल्टची लांबी आधीच अचूक जुळावी लागते.

१०/
त्यात बेल्ट कोरडा चालतो. थंड असताना तो ताठ बसवला, तर तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि सारा ताण बेअरिंगवर येतो. बेल्टची एकच कड उसवत असेल, तर पुल्या एका रेषेत नाहीत. कोरडा क्लच घसरू लागला, तर स्प्रिंगा आवळण्याआधी तेल कुठून झिरपते ते पाहावे लागते. यातले काहीही ‘जमवून नेता’ येत नाही. अंदाज चुकला तर बेल्टचे दात तुटतात, तेही बहुधा रस्त्यात.

११/
आणि हे सारे बाहेरून आले, असेही मानू नये. वऱ्हाडातील जुन्या जिनिंग कारखान्यांत एका वाफेच्या इंजिनावर लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून पट्ट्यांनी ओळीने रेचे चालत. पट्टा सरकला, सैल पडला, ओलसर झाला तर काय करायचे, हे ज्ञान या कापसाच्या मुलखात मोटारसायकलीच्या आधीपासून होते. ते कामगारांच्या हातांत होते. जिनिंगचा इतिहास मात्र मालक, गाठी आणि भाव यांचाच लिहिला गेला.

१२/
यावर आक्षेप येईल: वाईट मिस्त्रीही असतात. असतातच. घसरत्या पट्ट्याला चिकट काहीतरी लावून गिऱ्हाइकाला वाटेला लावणारे, बिघाड न शोधता भागांमागून भाग बदलणारे. पण वाईट वैद्यामुळे वैद्यक हे जुगाड ठरत नाही. उलट, चांगले आणि वाईट काम यांत भेद करता येतो, याचाच अर्थ या कामाला निकष आहेत. ‘जुगाड’ हा शब्द नेमका तोच भेद पुसतो. त्याच्या लेखी दोघेही सारखेच हिकमती.

१३/
या शब्दाची किंमत शरीरानेही मोजली जाते. जुन्या क्लच आणि ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस सर्रास असे. क्लचचा ड्रम हवेच्या झोताने साफ करताना ती धूळ फुप्फुसांत जाते, आणि तिचे आजार कित्येक वर्षांनी उघड होतात. कारखान्यातील कामगारासाठी निदान कागदावर तरी कायदे आहेत. रस्त्याकडेच्या गॅरेजमधील माणूस ‘जुगाडू’ ठरला की त्याला ना व्यवसायाची प्रतिष्ठा, ना व्यावसायिक रोगाची नोंद.

१४/
डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने २००६ च्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’मध्ये मांडले, की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांचा नव्हे तर वापराचा लिहावा, आणि वापरात दुरुस्ती येतेच. भारत सरकारनेही २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. पण दुरुस्ती करणारी विद्या कोणाकडे आहे याची नोंदच नसेल, तर तो हक्क बजावणार कोणाच्या हातून?

१५/
किल्ल्यांच्या मोजणीसाठी पहाटे निघणाऱ्या तरुणांनी एक सकाळ आपल्या तालुक्यातील सर्वांत जुन्या गॅरेजला द्यावी. काम कोणाकडून शिकले, कोणती गाडी कोणत्या साली पहिल्यांदा आली, सुटे भाग कुठून येत, कोणता बिघाड कसा ओळखत, हे त्यांच्याच शब्दांत, संमतीने, तारखेसह नोंदवावे. कळंबला रेल्वे आली, तिची नोंद सरकारने ठेवली आहे. रेल्वे येईपर्यंत ज्यांनी कळंब चालते ठेवले, त्यांची पहिली पिढी आता म्हातारी झाली आहे. तिचे दफ्तर कागदावर नाही. ते तिच्याबरोबरच जाईल.