छायाचित्रें मागवा, हक्क मागूं नका

हल्लीं दिवाळी-अंक, दिनदर्शिका, स्पर्धा व प्रदर्शनें यांसाठीं वाचकांकडून छायाचित्रें मागविण्याची प्रथा सर्वत्र पडली आहे. अशा आवाहनाखालीं नियमांची एक यादी असते. चित्र अमुक आकाराचें असावें, मूळ फाईल जपून ठेवावी, दोन चित्रांचा सांधा करूं नये, चित्रांतील व्यक्तीची संमति घ्यावी. हे नियम योग्य आहेत आणि ते पाळण्याविषयीं कोणीहि कुरकुर करूं नये. परंतु यादीच्या शेवटीं, बारीक अक्षरांत, पुष्कळदां एक वाक्य दडलेलें असतें: आलेल्या सर्व चित्रांचे सर्व हक्क आमच्याकडे राहतील. आमचा आक्षेप या एका वाक्यास आहे. सर्व चित्रांचे, म्हणजे केवळ बक्षीसपात्र चित्रांचे नव्हे. जीं टोपलींत गेलीं त्यांचेहि! तिघांस बक्षीस द्यावयाचें आणि तीनशें जणांची मालमत्ता घरांत घ्यावयाची, यास स्पर्धा म्हणावें कीं वसुली?

यावर उत्तर मिळतें, कीं नियम वाचूनच चित्र पाठविलें, मग तक्रार कसली? तर कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९१४ च्या कायद्यानें मूळ काच ज्याच्या मालकीची त्यासच छायाचित्राचा कर्ता मानलें होतें. १९५७ च्या कायद्यानें ही चूक सुधारली. जो चित्र घेतो तोच त्याचा कर्ता, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. २०१२ च्या दुरुस्तीनें हा हक्क कर्त्याच्या हयातीपर्यंत व त्यापुढें ६० वर्षें टिकेल असें ठरवून छायाचित्रकारास कवीच्या पंक्तीस बसविलें. फार काय, वेगळा करार नसेल तर पगार देणाऱ्या वृत्तपत्रमालकासहि नोकराच्या चित्रावर नियतकालिकांत छापण्यापुरताच हक्क मिळतो. आणि एक पैचाहि पगार न देणारा स्पर्धाचालक मात्र सर्व हक्क मागतो! शिवाय हक्काचें हस्तांतर लेखी व सहीनिशीं व्हावें लागतें. त्यांत मुदत व प्रदेश सांगितला नसेल तर मुदत ५ वर्षें आणि प्रदेश भारत एवढाच धरला जातो. हक्क देऊन टाकल्यावरहि आपलें कर्तेपण सांगण्याचा अधिकार कर्त्यापाशींच राहतो. बारीक अक्षरांतील तें वाक्य या कसोटीस कितपत उतरेल, हें चालकांनीं आपल्या वकिलास विचारावें.

दुसरा आक्षेप जुना आहे: चित्र यंत्र काढतें, माणूस केवळ कळ दाबतो. नेपोलियन सरोनी या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकारानें घेतलेलें ऑस्कर वाइल्डचें चित्र एका छापखान्यानें परवानगीवांचून छापलें, तेव्हां हाच बचाव पुढें आला होता. १८८४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला. बैठक, वेष, प्रकाश व छाया यांची योजना छायाचित्रकाराची, यंत्राची नव्हे. भिगवणजवळ उजनीच्या पाणलोटावर, थंडीच्या पहाटे नावेंत बसून, रोहित पक्ष्यांचा थवा उठण्याची तासन् तास वाट पाहणाऱ्या मुलीनें केवळ कळ दाबली असें जो म्हणेल, त्यानें कवीनें केवळ टांक चालविला असेंहि म्हणावें.

तिसरा युक्तिवाद सर्वांत गोड, आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे: आम्ही प्रसिद्धि देतों. प्रसिद्धि चित्रास मिळते. कर्त्यास ती मिळेलच असें नाहीं. भारताच्या आद्य स्त्री-वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचीं आरंभींचीं चित्रें त्यांच्या पतीच्या नांवानें छापून आलीं होतीं. अल्बेर्तो कोर्दा या क्यूबन छायाचित्रकारानें १९६० सालीं घेतलेलें चे गव्हेराचें चित्र जगभरच्या भिंतींवर व सदऱ्यांवर चढलें. त्याबद्दल कोर्दानें मोबदला मागितला नाहीं. मात्र तेंच चित्र व्होडकाच्या जाहिरातींत आलें तेव्हां, २००० सालीं, त्यानें दावा लावला आणि तडजोडींत मिळालेले ५०,००० डॉलर क्यूबाच्या आरोग्यसेवेस देऊन टाकले. हक्क म्हणजे पैशाचा लोभ नव्हे. आपल्या कृतीचा दुरुपयोग होत असतां "नाहीं" म्हणण्याचें तें बळ होय. तें बळ ज्यानें बक्षिसाच्या आशेनें लिहून दिलें, त्याचें चित्र उद्यां कोणत्या बाटलीवर चिकटेल हें त्याच्या हातीं राहत नाहीं.

मग संपादकांनीं करावें काय? जें कवितेच्या बाबतींत करितात तेंच. एका अंकांत एकदां छापण्याची परवानगी मागावी. चित्राखालीं कर्त्याचें नांव घालावें. शक्य तें मानधन द्यावें. अन्य उपयोगासाठीं पुन्हां विचारावें. न निवडलेल्या चित्रांवर कसलाहि हक्क सांगूं नये. लहान मासिकांस पत्रव्यवहार झेपत नाहीं हें खरें. परंतु परवानगीच्या एका ओळीनें कोणतेंहि मासिक बुडत नाहीं. आणि वडीलधाऱ्यांनींहि मुलांचें चित्र स्पर्धेस धाडण्यापूर्वीं शेवटचा नियम आधीं वाचावा. तेथें तें वाक्य आढळल्यास चित्र घरींच ठेवावें.

कवितेखालचें नांव कोणी गाळलें, तर आमचे संपादक त्यास वाङ्मयचौर्य म्हणतात. छायाचित्राखालचें गाळलें, तर त्यास पानाची मांडणी म्हणतात. हा दुजाभाव जोंवर आहे, तोंवर लेखकांच्या हक्कांविषयीं त्यांनीं लिहिलेले अग्रलेख आम्हांस अर्धेच खरे वाटणार.