विजेची शिदोरी

गेल्या मार्च महिन्यांत आमच्या हातून एक अन्याय घडल्याचें उघडकीस आलें. घडत होता तो जूनपासूनच. आम्हांस कळला मात्र मार्चमध्यें. ज्या वाचकांच्या घरीं दहावीच्या वर्गांतील मूल आहे त्यांस ही हकीकत उपयोगी पडेल, म्हणून लाज बाजूस ठेवून सांगतों.

आमचा नातू दहावींत गेला त्या दिवशीं आम्हीं त्याचें हातांत धरून गेम खेळावयाचें यंत्र काढून घेतलें व कपाटांत आपट्यांच्या कोशामागें कुलपांत ठेविलें. परीक्षा आटोपली कीं परत देऊं, असें वचन दिलें. मुलगा गुणी, तो कांहीं बोलला नाहीं. दिवाळीच्या सुटींत मात्र एकदां म्हणाला, "आजोबा, मी खेळत नाहीं. फक्त एकदां चार्ज करूं द्या, आणि तुम्हीच पुन्हां आंत ठेवा." पस्तीस वर्षें आम्हीं वर्ग सांभाळले, मुलांच्या युक्त्या आम्हांस पाठ आहेत, अशी आमची समजूत. आम्ही हंसलों. किल्ली जानव्यास होती ती तेथेंच राहिली.

शेवटची उत्तरपत्रिका देऊन तो घरीं आला त्याच सायंकाळीं आम्हीं यंत्र पुसून त्याच्या हातीं दिलें. त्यानें कळ दाबली, पडदा काळाच. रात्रभर तार लावून ठेविली, सकाळींहि तसाच. "बॅटरी गेली," एवढेंच तो म्हणाला. दिवाळीची आठवण त्यानें काढली नाहीं. काढली असती तर आम्हांस थोडें बरें वाटलें असतें.

मग जें जूनमध्येंच करावयास हवें होतें तें आम्हीं केलें. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका चष्मा लावून वाचली. निदान सहा महिन्यांतून एकदां चार्ज करावें, न केल्यास बॅटरी पुढें चार्ज होणारच नाहीं असा संभव आहे, हें तींत स्वच्छ छापलें होतें.

पडून राहिलेली बॅटरी विसावा घेत असेल, असें आम्हांस वाटे. तसें नाहीं. लिथियम-आयन घट स्वस्थ पडला तरी आंतल्या आंत झिरपत असतो. शिवाय यंत्र बंद दिसलें तरी बॅटरीवर पहारा करणारें सर्किट थोडी थोडी वीज खातच असतें. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो. तो उतरून फारच खालीं गेला व तसाच फार दिवस राहिला म्हणजे आंतील तांब्याचा पत्रा विरघळूं लागतो. असा घट पुन्हां भरणें धोक्याचें, म्हणून तोच पहारेकरी वीज आंत येऊं देत नाहीं. उलट, तुडुंब भरून उन्हाळ्यांत ठेविला तरीहि घट लवकर म्हातारा होतो. दीर्घ काळ ठेवावयाचा तर अर्धामुर्धा भरून, थंड जागीं, व मधून मधून विचारपूस करून. संस्कृतांत तेलाला आणि मायेला एकच शब्द आहे, स्नेह. समईंतला स्नेह संपला तरी पुन्हां तेल घातलें कीं समई लागते. या घटाचें तसें नाहीं.

पूर्वींच्या यंत्रांचें मात्र समईसारखें होतें. १९८९ सालीं जपानांतील निन्टेंडो कंपनीनें 'गेम बॉय' काढला. आपण भिंतीवरील घड्याळांत घालतों तसले चार पेन्सिल सेल त्यांत बसत, व ते पंधरा तासांच्या आसपास पुरत. संपले कीं नवे घालावे. त्याचा कर्ता गुनपेइ योकोइ. हा गृहस्थ १९६५ सालीं त्या कंपनीच्या पत्त्यांच्या कारखान्यांत यंत्रांची देखभाल करावयास लागलेला. नव्या झगमगीत साधनामागें धांवण्यापेक्षां, जुनें होऊन स्वस्त व खात्रीचें झालेलें साधन नव्या कामीं लावावें, हें त्याचें सूत्र. गेम बॉयचा पडदा हिरवट, चारच छटांचा, आणि स्वतःचा उजेड नसलेला. खिडकीपाशीं बसून खेळावें. त्याच वर्षीं अटारीचें 'लिंक्स' आलें, पुढच्या वर्षीं सेगाचें 'गेम गिअर'. दोन्ही रंगीत, पडद्यामागें दिवा असलेलीं, आणि दोहोंसहि सहा सहा सेल लागत; ते तीन ते पांच तासांत खलास! गेम बॉय व त्याचें पुढील रंगीत भावंड मिळून अकरा कोटींहून अधिक खपलीं. गेम गिअर सुमारें एक कोटी. हें केवळ सेलांमुळें घडलें असें आम्ही म्हणणार नाहीं. टेट्रिस या खेळाचाहि त्यांत वांटा होता. परंतु दर खेपेस सहा सेलांचे पैसे कोणा तरी बापाच्या खिशांतूनच जात असले पाहिजेत.

पुढें दिव्याचा मोह निन्टेंडोलाहि आवरला नाहीं. २००३ च्या 'गेम बॉय ॲडव्हान्स एसपी'मध्यें दिवा आला, व त्याबरोबर पुन्हां भरण्याजोगा लिथियमचा घट. दिवा लावून दहा तास, मालवून अठरा. एका दिव्याची किंमत आठ तास. (हा घट सोनीनें १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणला, त्याच्या घडणीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल मिळालें.) २०१७ चें 'स्विच' एका भरण्यांत अडीच ते साडेसहा तास चाले, २०१९ सालीं त्याच नांवाचें सुधारलेलें यंत्र निघालें तें साडेचार ते नऊ तास चालूं लागलें. बॅटरी वाढविली नव्हती; आंतील चिप कमी खाणारी बसविली. डब्यांत अधिक पोळ्या भरण्याऐवजीं जेवणाराच मिताहारी केला, हें आम्हांस फार आवडलें.

मुलें तक्रार करतात ती तासांची. बॅटरी किती वर्षें जगेल हें कोणी विचारीत नाहीं. युरोपीय संघानें तें विचारलें. अशा उपकरणांतील बॅटरी वापरणारास स्वतः काढतां-घालतां आली पाहिजे, असा कायदा त्यानें २०२३ सालीं केला व त्यासाठीं १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख घातली.

आमच्या नातवाचें यंत्र आम्ही बाजारांतील मोबाइल दुरुस्त करणाराकडे घेऊन गेलों. त्यानें बारीक स्क्रू काढून अर्ध्या तासांत नवी बॅटरी बसविली. नातवानें खाऊच्या पैशांतून अर्धे देऊं केले. आम्हीं घेतले नाहींत. परततांना वाटेंत आम्हीं त्यास म्हटलें, "दिवाळींत तूं खरेंच बोलत होतास." तो म्हणाला, "जाऊं द्या, आजोबा."

त्या रात्रीं पडदा उजळला. मागील जूनमध्यें जेथें थांबला होता तेथेंच त्याचा खेळ उभा होता. त्यानें आम्हांस शेजारीं बसविलें व आपला वीर कोणत्या डोंगरावर अडकला आहे तें समजावून सांगूं लागला. मग कांहींशा आठवणीनें त्यानें पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला. "असें केलें म्हणजे जास्त वेळ पुरतें," असें म्हणाला. त्यानंतर आमच्या चष्म्यास फारसें कांहीं दिसेना. पण आम्ही तसें बोललों नाहीं, व अकरा वाजेपर्यंत बसून होतों.